वाघ जेवला का?

वडिलांना घेऊन बाहेर जेवायला जायचं नाही, असं मी दर वेळी घरी परतताना जाहीर करते आणि पुढच्या वेळी त्यांना पुन्हा गाडीत बसवते.  नवरा यावर फक्त गाडीचा आरसा नीट करतो. त्याच्या त्या आरसा नीट करण्याचाही मला राग येतो.

गोष्ट गेल्या एप्रिलमधली. लेकीचा वाढदिवस होता. तिच्या वर्गातल्या कुणाचा तरी वाढदिवस शहराबाहेरच्या एका मोठ्या पार्कात झाला होता. तिथे पाळणे, घसरगुंड्या, सिमेंटचा धबधबा, आणि दुपारी एका हॉलमध्ये बुफे. त्या बुफेत म्हणे वाघ, ससा, अस्वल आणि हातपाय फुटलेलं एक संत्रं टेबलाटेबलावर येऊन मुलांना मिठी मारतात आणि फोटो काढू देतात. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. लेकीला कपडे नको होते, खेळणी नको होती, वाघ हवा होता. नागपूरच्या आसपास खरे वाघ इतके आहेत की लोक लांबलांबून ते बघायला येतात, आणि आमच्या पोरीला पाठीवर चेन असलेला कापडी वाघ हवा! हौसेला मोल नाही म्हणतात, ते ज्यांना हौस पुरवावी लागत नाही तेच म्हणत असावेत.

वडील आमच्याकडे राहतात, आई गेल्यापासून. हिंगण्याच्या कारखान्यात जन्मभर शिफ्ट केलेला माणूस. रिटायर झाला तरी भोंगा ऐकू आल्यासारखा पहाटे उठून बसतो. त्यांना शुगर आहे. दुपारच्या जेवणाआधी इन्सुलिनची सुई घ्यावी लागते, आणि सुई घेतली की थोड्याच वेळात पोटात अन्न जायलाच हवं. नाही गेलं तर घाम सुटतो, हात थरथरायला लागतात, पुढचं तर मी एकदा बाथरूमच्या दारात पाहिलेलं आहे आणि मला पुन्हा पाहायचं नाही. सुई मीच देते. त्यामुळे सुई आणि पहिला घास यांच्यामधला वेळ हा घरात माझ्या नावावर लिहिलेला असतो.

हे एवढंच असतं तर चाललं असतं. पण आई गेल्यापासून वडिलांना एक खोड लागली आहे. भेटेल त्याला ते विचारतात, "जेवला का गा?" सिलिंडरवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा, सोसायटीचा वॉचमन, कुणीही. बरं, विचारून गप्प बसावं, तर तेही नाही. समोरचा "हो" म्हणाला की ते विचारतात, "काय खाल्लं?" तो जरा अडखळला की झालं. एकदा पार्सल घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी दारात उभं करून पोहे खायला लावले. तो बिचारा एका हाताने खात होता आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर पुढच्या घरच्या लोकांची माफी मागत होता. वडील समोर उभं राहून त्याच्या तोंडाकडे पाहत होते, शेवटचा घास जाईपर्यंत.

लोक म्हणतात, किती माणुसकी आहे तुझ्या वडिलांत. मी हसते. माझ्या मनात मात्र दुसरंच चालू असतं. माझी आई जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवली. आम्ही जेवायचो, वडील शिफ्टवरून येऊन जेवायचे, आलागेला जेवायचा, आणि मग ती स्वयंपाकघरात पातेल्यांशी काहीतरी करायची, त्याला जेवण म्हणायचं की नाही देव जाणे. शेवटी दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, यांच्या अंगात रक्तच नाही, या नीट जेवत होत्या ना? वडिलांनी छातीठोकपणे सांगितलं, "हो जी, जेवते ना ती." मी तिथेच उभी होते. त्या "हो"चा राग मी वर्षभर गिळून बसले होते. आता हा माणूस पार्सलवाल्याच्या पोटाची चौकशी करतो, याचं कौतुक मी कसं करू?

तर, पार्क.

फाटकावरच माझी पहिली चकमक झाली. बाहेरचं खाद्य आत न्यायला बंदी. माझ्या पर्समध्ये वडिलांसाठी ग्लुकोजची बिस्किटं आणि खडीसाखरेची पुडी कायम असते. तपासणाऱ्या बाईने दोन्ही काढून टोपलीत टाकली. मी म्हटलं, "अहो, पेशंट आहेत सोबत." ती म्हणाली, "डॉक्टरची चिठ्ठी दाखवा." वाढदिवसाला जाताना डॉक्टरची चिठ्ठी घेऊन कोण निघतं? मागे रांग वाढली, लोक चुकचुकायला लागले. नवरा पुढे जाऊन मनगटाला पट्टे बांधून घेत होता. तिथूनच हाताने खुणा करून सांगत होता की सोडून दे. उंटावरून शेळ्या हाकणं त्याला फार छान जमतं. मी सोडून दिलं. वडील मात्र त्या बाईला म्हणाले, "बाई, उन्हात उभी आहेस. जेवण झालं का?" ती गोंधळून हसली. मी त्यांचा दंड धरून आत नेलं.

लेकीचे पाळणे झाले, पाण्यात भिजून झालं, आणि जेवायच्या वेळी आम्ही त्या हॉलमध्ये शिरलो. आत एसी होता, पण एवढ्या लोकांपुढे त्याने हात टेकले होते. भिंतीवर जंगल रंगवलेलं. एका कोपऱ्यात छोटं स्टेज, त्याच्यामागे हिरवा पडदा. लाउडस्पीकरवर लहान मुलांची गाणी इतक्या जोरात, की शेजारच्याशीही भांडण केल्यासारखं बोलावं लागत होतं. दारात टाय लावलेला, हातात वॉकीटॉकी घेतलेला मॅनेजर होता. मी त्याला दोनदा विचारून खात्री करून घेतली की जेवण चालू आहे, थांबावं लागणार नाही. मग कोपऱ्यातलं टेबल धरलं, वडिलांचा शर्ट जरा वर केला आणि सुई दिली. लगेच जाऊन त्यांचं ताट वाढून आणलं. पुऱ्या, छोले, मटर-पनीर, दोन चमचे भात. पास्ता वगैरे मी घेतला नाही; पास्ता पाहिला की ते त्याची चौकशी करत बसले असते. ताट समोर ठेवलं आणि म्हटलं, "बाबा, घ्या. सुई झाली तुमची."

"घेतो ना," ते म्हणाले. पुरी मोडली. छोल्यात बुडवली. मला बरं वाटलं. आता लेकीचं ताट, मग माझं, असा हिशेब मी मनात केला.

नेमका तेव्हा वाघ आला.

मोठं डोकं, पिवळे-काळे पट्टे, जाड मऊ पंजे, आणि चेहऱ्यावर शिवून टाकलेलं हसू. लेक किंचाळली आणि त्याच्या पोटाला जाऊन चिकटली. नवऱ्याने मोबाइल काढला. वाघाने आधी लेकीला थोपटलं, मग नाचून दाखवलं, मग वडिलांपुढे पंजा केला. वडिलांनी घास ताटात परत ठेवला आणि दोन्ही हातांनी पंजा धरला.

"जेवला का गा?" त्यांनी विचारलं.

मी डोळे मिटले. वाघाने नुसतीच मान हलवली. त्या जड डोक्याची हो आणि नाही सारखीच दिसत होती. वडील आणखी पुढे वाकले. "अरे, जेवला का म्हणतो मी?"

पंजा सोडवता येईना म्हणून असेल, किंवा इतक्या दिवसांत कुणी विचारलंच नसेल म्हणून असेल, वाघाच्या तोंडातून बारीक आवाज आला. "नाही काका. लोकांचं झाल्यावर मिळते आम्हाले."

"बाई हाय वं ह्याच्यात!" वडील माझ्याकडे वळून म्हणाले. लेकीने आजोबांकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आबा, माणूसच असतं त्याच्यात. सगळ्यांना माहीत आहे." वाघ घाईघाईने पंजा सोडवून पुढच्या टेबलाकडे गेला. आणि वडिलांनी ताट हलकेच पुढे सरकवलं, म्हणजे स्वतःपासून दूर.

"बाबा, काय करून राहिले तुम्ही?"

"ते जेवू दे आधी."

"कोण?"

"वाघ."

माझे वडील साधे आहेत, भोळे नाहीत. त्यांना सगळं कळतं. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालणं कठीण. मी त्यांना समजावलं, की हे आपल्या घरचं कार्य नाही, इथे आपण गिऱ्हाईक आहोत. ते म्हणाले, "वाढदिवस कोणाचा हाय? आपल्या पोरीचा. मंग यजमान कोण? आपणच ना. तिले खुश कराले आलेलं माणूस उपाशी फिरून राहिलं, अन् मी कसा जेवू?"

हे कुठून येतं ते मला पक्कं ठाऊक आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गावोगावहून लोक येतात, तेव्हा आमच्या वस्तीचा भोजनदानाचा मंडप असतो. वडील तिथे लहानपणापासून वाढतात. तिथला नियम एकच: वाढणाऱ्याने शेवटचा पाहुणा जेवल्याशिवाय जेवायचं नाही. दुपार कलली तरी रांग संपत नाही, आणि वडील हातात डाव घेऊन उभे. मला त्या मंडपाचा अभिमान आहे. पण मंडपाची रांग कधीतरी संपते. बुफेची रांग कधी संपते? इकडे एक टेबल उठलं की तिकडे नवं बसतं, आणि वाघ त्यांच्याकडे नाचत जातो.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या ताटात सगळ्या पदार्थांची गर्दी होती. तो म्हणाला, "बाबा, थोडं खाऊन घ्या ना." आणि स्वतः खायला लागला. त्याचा प्रयत्न तेवढ्यावर संपला.

मी गुलाबजाम आणून त्यांच्या ताटात ठेवला. नको. थंड पेयाचा ग्लास आणला. नको. "आत्ता काही होत नाही मले. येऊ दे तिले," एवढंच. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, इथे तर सुंभही शाबूत होता. मी मॅनेजरकडे गेले. सगळं सांगितलं. तो माझ्याकडे असा बघत राहिला जणू मीच सुई घेऊन उपाशी आहे. "मॅडम, स्टाफचं जेवण बुफे बंद झाल्यावर. आणि गेस्टसमोर कॅरेक्टरचं डोकं काढता येत नाही, मुलं घाबरतात." मी म्हटलं, घाबरत नाहीत, माझ्या मुलीला विचारा. तो म्हणाला, नियम आहे. तरी माणूस वाईट नव्हता, टेबलापर्यंत आला. वडिलांपुढे वाकून मोठ्याने म्हणाला, "काका, तुम्ही निवांत जेवा. टायगरचं जेवण झालेलं आहे."

वडिलांनी मान वर केली. "ती तं नाही म्हणाली."

"झालंय काका, मी सांगतो ना."

"तोंडाचं सांगणं मी मानत नाही बापा. डोळ्यानं पाहीन."

मॅनेजरची वॉकीटॉकी खरखरली आणि तो सुटल्यासारखा निघून गेला. मी वडिलांच्या कपाळाकडे पाहिलं. घाम आला होता. हॉलमध्ये सगळ्यांनाच आला होता, माझ्याही कपाळावर होता, पण सगळ्यांना सुई दिलेली नव्हती. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला तेव्हा पाणी हललं. मी घाबरले. त्या भीतीचा लगेच राग झाला, माझं नेहमी असंच होतं. भीती मला झेपत नाही, राग झेपतो.

"आईले विचारलं होतं का कधी?" मी म्हटलं.

गाणं तेव्हाच संपलं होतं आणि दुसरं सुरू व्हायचं होतं. माझा आवाज सगळ्या हॉलमध्ये गेला. पण तोंड उघडलं होतं, आता थांबणं नव्हतं. "जन्मभर ती सगळ्यांच्या मागून जेवली. जेवली का नाही, तेही कोणी पाहिलं नाही. तेव्हा नाही दिसलं तुमाले? अन् आता वाघाची काळजी करून राहिले! मले छळाले नुसतं!"

शेजारच्या टेबलावरचे चमचे थांबले. लेक माझ्याकडे बघायला लागली. नवऱ्याने मोबाइल खाली ठेवला, हे मात्र पहिल्यांदाच झालं.

वडील रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ताटाकडे बघत ते म्हणाले, "विचारत होतो ना वं. रोज विचारो. शिफ्टवरून आलो का ताटावर बसायच्या आधी विचारो. जेवली का? तं म्हणे, झालं माह्यं. रोज म्हणे. मी मानत गेलो." त्यांनी ताटातली वाटी सरळ केली. "डॉक्टरनं विचारलं तवा मी खोटं नाही बोललो. मले खरंच वाटे का ती जेवते." आणि मग, नवीन गाणं सुरू झालं होतं म्हणून जरा मोठ्याने, "म्हणून आता मी तोंडाचं मानत नाही. खाताना दिसलं पाह्यजे."

वर्षभर मी तो राग जपून ठेवला होता. त्या "हो"वर तो नीट बसवलेला होता. आता तो ठेवायला जागाच राहिली नाही, आणि याचा मला आणखी राग आला. आता चिडू कुणावर? मेलेल्या आईवर? तिच्या "झालं माह्यं"वर? ते शब्द तर मीही ऐकले होते, रोज, अभ्यास करता करता. ते घरातल्या घड्याळाच्या आवाजासारखे होते, कुणी कान देत नव्हतं.

विचार करायला वेळ नव्हता. मी एक रिकामं ताट उचललं, त्यात हाताला लागेल ते वाढलं, आणि सरळ वाघाकडे गेले. तो एका रडणाऱ्या बाळापुढे पंजे हलवत होता. मी त्याचा पंजा धरला. "चला."

"ताई, सर रागावतील."

"रागावू दे. मीही रागावलेलीच आहे."

लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला असावा, कारण काहींनी टाळ्या वाजवल्या. एका हातात ताट, दुसऱ्या हातात वाघ, आणि मागून माझे वडील स्वतःचं ताट घेऊन हळूहळू येत होते. अशी आमची वरात स्टेजमागच्या पडद्याआड गेली.

पडद्यामागे खोकी, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पाणी संपलेला कूलर. एका खुर्चीत सशाचं जुनं, एक कान तुटलेलं डोकं उलटं पडलेलं. मी वाघाला बसवलं आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं ओढून काढलं. आत माझ्याच वयाची बाई होती. केस कपाळाला चिकटलेले, टिकली सरकून भुवईवर आलेली, चेहरा वाफेतून काढल्यासारखा लाल. तिने आधी तोंड उघडून नुसता श्वास घेतला. मग ताटाकडे पाहिलं. मग स्वतःच्या पंज्यांकडे.

पंजे अंगाच्या कापडालाच शिवलेले होते. ते काढायचे तर सगळा वाघच उतरवावा लागणार, आणि तो एकटीने उतरत नाही, असं ती म्हणाली. "राहू द्या ताई, मी नंतर खाईन. खरंच सवय हाय मले."

वडील खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. त्यांच्या ताटातली वाटी खडखडत होती. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी पुरीचा तुकडा मोडला, छोले घेतले आणि तिच्या तोंडापुढे धरला. "आ करा."

ती लाजली. इकडेतिकडे पाहिलं. मग तिने आ केला. मी घास घातला, जरा घाईनेच, तिच्या हनुवटीवर रस्सा ओघळला. तिने चावलं, गिळलं, आणि मी दुसरा तयार ठेवला.

"गेला का पोटात?" वडिलांनी विचारलं.

"गेला काका."

तेव्हा ते बसले. आधी गुलाबजाम उचलला, तोंडात टाकला. मग पुरी. मग भात. मी एकीकडे वाघाला भरवत होते आणि दुसरीकडे वडिलांचे घास डोळ्यांच्या कोपऱ्यातून मोजत होते. ते दोघं मात्र बोलत होते. ती उमरेडची. रोज एसटीने येते. घरी सासू आहे, दोन मुली आहेत. मुलींना आई काय काम करते ते ठाऊक आहे का, असं वडिलांनी विचारलं, तर म्हणाली, हो, त्यांना एकदा आणलं होतं, धाकटी ओळखीचा वास येतो म्हणून वाघाला सोडेना. वडील हसले. त्यांच्या कपाळावरचा घाम वाळत होता. आईनंतर जेवताना हसलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण त्यावर खूश व्हायचं सोडून मी ताट पुसून तिला शेवटचा घास दिला आणि डोकं परत बसवलं, कारण पडद्याबाहेरून वॉकीटॉकीची खरखर येत होती.

आम्ही बाहेर आलो तेव्हा केक कापून झाला होता. हॉलची वेळ ठरलेली असते, मॅनेजर थांबायला तयार नव्हता, नवऱ्याने घाईघाईत उरकून घेतलं. फोटोत ससा आहे, अस्वल आहे, संत्रंही आहे. वाघ नाही. मी नाही. आबा नाहीत. लेकीचा चेहरा रडवेला आहे. "वाघ पण नव्हता आणि तू पण नव्हतीस," ती मला म्हणाली. तिच्या वाढदिवसाचा वाघ मी चोरून नेला होता. मागे बुफेच्या भांड्यांवर झाकणं पडत होती, डाव गोळा करून नेले जात होते. केकचा एक तुकडा होता, तो लेकीनेच हातात धरला होता.

परतताना मी लेकीला घेऊन मागे बसले. ऊन अजून मरायला तयार नव्हतं. लेक माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, मनगटावरचा पट्टा तिने काढू दिला नाही. पुढच्या सीटवर वडील पोटभर जेवलेल्या माणसासारखे शांत बसले होते. मला त्यांचा राग येत होता, मॅनेजरचा येत होता, फाटकावरच्या बाईचा येत होता, नवऱ्याच्या ताटातल्या पास्त्याचाही येत होता. डोकं ठणकत होतं. फक्त घरी पोचायचं होतं.

वडील मागे वळले. "तू जेवली का वं?"

"झालं माह्यं," मी म्हटलं.

मी ते बोलायचं ठरवलं नव्हतं. पुन्हा तमाशा नको, मध्येच गाडी थांबायला नको, पुन्हा सगळ्यांनी माझ्यासाठी खोळंबायला नको, एवढंच डोक्यात होतं, आणि शब्द आपोआप आले. तेच शब्द, तोच आवाज. "माह्यं" तर मी एरवी कधी म्हणतही नाही. आरशात नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी त्याने आरसा नीट केला नाही.

वडील तसेच मागे वळून बसलेले. "काय खाल्लं?"

मी खिडकीबाहेर पाहिलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "गाडी थांबवा."

रस्त्याकडेला आलूबोंड्याची हातगाडी होती. वडील स्वतः उतरले, स्वतः प्लेट घेऊन आले, बोंड्यावर लालभडक, तिखट तर्री ओतून. गाडीचं दार उघडं धरून उन्हात माझ्यासमोर उभे राहिले. मी एक तुकडा मोडला. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, असे पाहू नका ना माझ्याकडे."

"खाय तू," ते म्हणाले, आणि माझ्या तोंडाकडे पाहतच राहिले.